कॉम पोर्ट मधेच गायब होतो: पॅनलमधल्या आयपीसीचं यूएसबी-४८५ कम्युनिकेशन पुन्हा पुन्हा तुटत असेल तर

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते लगेच कळेल. पॅनलमध्ये इंडस्ट्रियल पीसी (आयपीसी) बसवलेला आहे. त्याच्या यूएसबीला आरएस-४८५ (दोन तारांवर अनेक यंत्रं जोडायची लाइन) चा कन्व्हर्टर लावलाय आणि त्यावरून मॉडबसने (त्या लाइनवर बोलायची भाषा) पाच-पंधरा टेंपरेचर कंट्रोलर, एनर्जी मीटर किंवा ड्राइव्ह वाचले जातात. दोन दिवस, चार दिवस सगळं सुरळीत चालतं. मग एकदम स्क्रीनवरचे सगळे आकडे लाल. एखादा मीटर नाही, सगळेच्या सगळे. कन्व्हर्टर उपसून परत लावला आणि सॉफ्टवेअर बंद-चालू केलं की गाडी रुळावर. कधी तेवढ्यानेही भागत नाही, कारण विंडोजने त्या पोर्टला दिलेला नंबर बदलून कॉम ३ चा कॉम ५ झालेला असतो.

एकच मीटर लाल होत असेल आणि बाकीचे चालू असतील तर पुढचं वाचत बसू नका. त्या मीटरचा स्लेव्ह आयडी (लाइनवरचा त्याचा नंबर) दुसऱ्या कोणाला दिलाय का ते बघा, टर्मिनलमधली वायर ओढून बघा. तो वेगळा रोग आहे.

चार्टमधली रिकामी जागा

भोसरी एमआयडीसीतलं एक हीट ट्रीटमेंट युनिट. तीन फर्नेस, आठ टेंपरेचर कंट्रोलर, दोन एनर्जी मीटर, एक पंखा नसलेला आयपीसी. तयार माल मोटारींच्या कारखान्यांना जातो, त्यामुळे सीक्यूआय-९ (वाहन उद्योगाचं हीट ट्रीटमेंटचं स्टँडर्ड) चं ऑडिट. त्यात टेंपरेचरचं रेकॉर्ड सलग लागतं. चार्टमध्ये पंचवीस मिनिटांची कोरी जागा दिसली की ऑडिटर चहा बाजूला ठेवून तिथेच बोट ठेवतो.

मला बोलावलं तेव्हा त्यांचे चार महिने यात गेले होते. तीन कन्व्हर्टर बदलून झाले होते, तेही एकाहून एक महाग. एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय) बदलला. विंडोज नव्याने टाकलं. अँटिव्हायरस काढला. शेवटी सगळ्यांचा संशय दुसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटर मामांवर. कारण फोन नेहमी संध्याकाळनंतरच यायचा, "साहेब, परत लाल झालं." आणि मामा आयपीसीच्या यूएसबीला मोबाइल चार्जिंगला लावतात हे एकदा सापडलं होतं. (लावत होतेच. पण ते कारण नव्हतं. त्यांना पॅनलबाहेर एक साधा चार्जर देऊन तो विषय तिथे संपवला.)

मी पहिली गोष्ट मागितली ती महिनाभराचा ट्रेंड. कन्व्हर्टरकडे बघितलंही नाही. महिन्यात अकरा गॅप होत्या. आता इथे जरा थांबा, कारण सगळं उत्तर या चार्टमध्येच होतं आणि चार महिने ते भिंतीवर लावल्यासारखं समोर होतं. अकरापैकी नऊ गॅपच्या अगदी आधी फर्नेस नंबर दोनची रेघ खाली वाकलेली. ८७० अंशांवर सरळ चाललेली रेघ पंचवीस-तीस अंशांनी खाली येते, पुन्हा वर वळायला लागते आणि तिथेच तुटते.

रेघ खाली वाकते म्हणजे दार उघडलं. वर वळते म्हणजे दार बंद झालं. दार बंद होताना कम्युनिकेशन जातं. आणि चार्ज (फर्नेसमधला माल) बदलायची वेळ बहुतेक दुसऱ्या शिफ्टमध्ये येत होती, म्हणून मामांचं नाव.

गुरुवारी आमच्याकडे एमआयडीसीला सुट्टी. फर्नेस थंड, माणसं नाहीत. आयपीसीला डिव्हाइस मॅनेजर उघडून ठेवला, स्पीकर नव्हता म्हणून ऑडिओच्या भोकात इअरफोन घातला आणि हेल्परला सांगितलं, दार वर-खाली करत राहा. सतराव्या वेळी दार खाली टेकलं, लिमिट स्विचने कॉन्टॅक्टर (दाराची मोटर चालू-बंद करणारा मोठा रिले) सोडला, 'खट' झालं आणि इअरफोनमध्ये विंडोजची ती यूएसबी निघाल्याची 'टुं-टुं' वाजली. पाठोपाठ लागल्याचीही वाजली. डिव्हाइस मॅनेजरची यादी एकदा लपलपली आणि पुन्हा जशीच्या तशी. सॉफ्टवेअर मात्र लाल.

इअरफोनची युक्ती फुकटची आहे, नक्की करून बघा. आवाज आला तर यूएसबी पडतेय. सगळं लाल झालं पण आवाज आला नाही, तर ४८५ च्या वायरिंगकडे जा.

नेमकं काय होतं

कॉन्टॅक्टरची कॉइल म्हणजे लोखंडावर गुंडाळलेली तार. तिचा करंट एकदम तोडला की ती उलटा झटका देते. २३० व्होल्टच्या कॉइलवर तो क्षणभरासाठी हजार व्होल्टच्या वरही जातो, आणि तोडणाऱ्या कॉन्टॅक्टवर ठिणगी पडत असल्यामुळे एक झटका नसतो, झटक्यांची माळ असते. आमच्या पॅनलमध्ये दाराच्या दोन कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वायरी आणि कन्व्हर्टरची पावणेदोन मीटर यूएसबी केबल एकाच पीव्हीसी चॅनलमध्ये, वेटोळं करून, गळ्यात गळे घालून होत्या. जास्तीची केबल आत कोंबून झाकण लावून टाकलेलं. हे सगळ्याच पॅनलमध्ये दिसतं.

४८५ ची लाइन असला मार बऱ्यापैकी सहन करते, ती त्यासाठीच बनवलेली आहे. दोन्ही तारांवर सारखाच झटका आला तर रिसीव्हर फक्त फरक बघतो. एखादी फ्रेम (एक निरोप) बिघडलीच तर सीआरसी (तिच्यासोबत येणारा तपासणीचा आकडा) जुळत नाही, मास्टर म्हणजे पीसी ती टाकून देतो आणि पुढच्या वेळी विचारल्यावर आकडा परत येतो. स्क्रीनवर कोणाला कळतही नाही.

यूएसबीचं तसं नाही. ती टेबलावरच्या प्रिंटर-माउससाठी जन्माला आली. झटका बसला, हबला पोर्टवर गडबड दिसली की तो पोर्ट तोडतो, परत जोडतो, डिव्हाइसला नव्याने ओळख विचारतो. हे एक-दोन सेकंदांत आपोआप होतं. पण स्काडा सॉफ्टवेअरने (स्क्रीनवर आकडे दाखवणारं) सुरुवातीला जो कॉम पोर्ट उघडून धरलेला असतो तो मेलेला असतो. नवा कॉम ३ शेजारी तयार उभा आहे आणि सॉफ्टवेअर जुन्याच मढ्याशी बोलतंय. बरीच सॉफ्टवेअरं पोर्ट स्वतःहून पुन्हा उघडत नाहीत. म्हणून 'काढून लावा आणि रिस्टार्ट करा' हा उपाय लागू पडतो, आणि म्हणूनच सगळ्यांना वाटतं की कन्व्हर्टरच खराब आहे. कन्व्हर्टर चांगला होता. तिन्ही चांगले होते.

आधी झटका मारा

पहिलं काम कॉइलवर सप्रेसर लावायचं. एसी कॉइलला आरसी: ०.१ मायक्रोफॅराडचा एक्स-२ कपॅसिटर आणि सिरीजमध्ये १०० ओहम, थेट कॉइलच्या ए-१, ए-२ टर्मिनलवर. कॉन्टॅक्टर बनवणाऱ्या कंपन्यांकडे तयार चिकटवायची डबी मिळते, ती घेतली तर जास्त बरं. २४ व्होल्ट डीसी कॉइल असेल तर १एन४००७ डायोड उलटा, म्हणजे पट्टीची बाजू प्लसला. डायोडने कॉन्टॅक्टर सुटायला किंचित वेळ लागतो, दाराला त्याने फरक पडत नाही, पण जिथे लगेच सुटणं महत्त्वाचं आहे तिथे विचार करून लावा. दाराच्या मोटरला ब्रेक असेल तर त्याच्या कॉइललाही हवा. सोलेनॉइड व्हॉल्व्ह विसरू नका. आणि हे सगळं मेन बंद करून, लॉक लावून.

दुसरं, यूएसबी केबल चॅनलमधून बाहेर काढली. ताणून नाही, पण वेटोळंही नाही. पॉवरच्या वायरींपासून वीतभर लांब, ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात.

एवढ्यावर अकराच्या दोन झाल्या. शेठ खूश. मी नाही, कारण दोन म्हणजे ऑडिटरसाठी दोनच.

मीटर घ्या आणि लाइन तपासा

यूएसबी पडण्याचं कारण सापडलं म्हणून ४८५ ची लाइन निर्दोष ठरत नाही. सगळ्याची पॉवर बंद करून ए आणि बी मध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर (टर्मिनेशन) असतील तर साठाच्या जवळपास, थोडं कमीच, दिसलं पाहिजे. इथे ३८ दिसलं. म्हणजे तीन रेझिस्टर. एक कन्व्हर्टरच्या आतच होता, दुसरा कोणीतरी टर्मिनलला लावलेला, तिसरा शेवटच्या कंट्रोलरवर. १२० दिसलं असतं तर एकच किंवा वायर मधेच तुटलेली, आणि हजारोंमध्ये दिसलं असतं तर एकही नाही.

मग पॉवर चालू, पण पोलिंग (पीसीचं मीटरांना विचारणं) बंद ठेवून ए-बी मधला डीसी व्होल्टेज. लाइन शांत असताना तिथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक पाहिजे, नाहीतर रिसीव्हरला आता एक आहे की शून्य ते ठरवता येत नाही आणि तो हवेतून अक्षरं वाचायला लागतो. आम्हाला ०.०६ मिळाले. बायस म्हणून, म्हणजे शांत लाइनला एका बाजूला ओढून धरायला, ५ व्होल्टला एक आणि ग्राउंडला एक असे ५६० ओहमचे दोन रेझिस्टर, फक्त एका जागी, मास्टरपाशी. साठ ओहमच्या टर्मिनेशनवर त्याने पाव व्होल्ट मिळतो. तिसरं टर्मिनेशन तसंच ठेवलं असतं तर बायस लावूनही हा आकडा ०.२ च्या खाली घसरला असता, म्हणून आधी ते काढा.

ए आणि बी ची नावं मात्र कोणी मनावर घेऊ नका. एका कंपनीचा ए तो दुसरीचा बी असतो. उलटं लागलं तर काही जळत नाही, फक्त बोलत नाही. बदलून बघा.

राहिलं ग्राउंड. ४८५ चं स्टँडर्ड सांगतं की रिसीव्हरच्या ग्राउंडच्या हिशेबाने तारांवर उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंत चालेल, म्हणजे दोन टोकांच्या ग्राउंडमधला फरक सातच्या आत हवा. आम्ही आयपीसीच्या पॅनलच्या अर्थिंगपासून फर्नेस तीनच्या पॅनलच्या अर्थिंगपर्यंत मीटर लावला: तीन व्होल्ट एसी, कॉम्प्रेसर सुरू होताना आठ. मीटर आरएमएस दाखवतो, म्हणजे टोकाचा आकडा अकराच्या पुढे. उणे बाजूला हद्द सातची. कन्व्हर्टर आयसोलेटेड (दोन्ही बाजू विजेने एकमेकींपासून तोडलेल्या) नव्हता, त्यामुळे हा सगळा फरक थेट आयपीसीच्या डोक्यावर. उरलेल्या दोन गॅपचा मला संशय इथे होता.

दोन तारांबरोबर तिसरी, सिग्नल ग्राउंडची तार टाका आणि ती एकाच जागी अर्थ करा. शील्डही एकाच टोकाला. 'शील्ड दोन्हीकडे लावली तर डबल संरक्षण' असं सांगणारा इलेक्ट्रिशियन प्रत्येक कंपनीत एक असतोच. त्याच्याशी वाद घालू नका, तो गेला की एक टोक सोडवा.

यूएसबी सोडून पर्याय काय

आता मुद्द्याची गोष्ट. त्या आयपीसीच्या मागे चार यूएसबी, दोन लॅन आणि दोन कॉम पोर्ट होते. दोन्ही कॉमवर पहिल्या दिवशीचं प्लॅस्टिकचं टोपण तसंच. कॉम २ च्या खाली बारीक अक्षरात छापलेलं: २३२/४२२/४८५.

म्हणजे जे यूएसबीला लोंबकळवून चार महिने गेले, ते मशीनच्या पाठीला जन्मापासून होतं. विचारलं तेव्हा कळलं की एकाने सुरुवातीला लावून पाहिलं होतं, उत्तर आलं नाही, मग पोर्ट बंद आहे असं ठरलं आणि ऑनलाइन कन्व्हर्टर मागवला. उत्तर येणारच नव्हतं, कारण असे पोर्ट कारखान्यातून बहुतेक वेळा २३२ (एकाच यंत्राशी बोलायची जुनी पद्धत) वर सेट होऊन येतात. ते बायोसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन बदलावं लागतं, सुपर आयओ किंवा सिरियल पोर्ट कॉन्फिगरेशन अशा नावाखाली. काही बोर्डांवर आतला जंपर हलवावा लागतो. ४८५ निवडल्यावर शेजारी 'ऑटो फ्लो कंट्रोल' असं काही दिसलं तर तेही चालू करा. ते बंद असेल तर पीसी प्रश्न विचारतो आणि लाइन धरूनच बसतो, उत्तर द्यायला मीटरला जागाच मिळत नाही. नऊ पिनांच्या कनेक्टरवर बऱ्याच मॉडेलांत १ डेटा मायनस, २ डेटा प्लस आणि ५ ग्राउंड असतं, पण मॅन्युअल बघितल्याशिवाय वायर कापू नका.

मुळातला कॉम पोर्ट यूएसबीसारखा पडत नाही. त्याचा नंबर बदलत नाही. झटका आला तर एखादी फ्रेम जाते, पोर्ट जात नाही. आणि तो दोन स्क्रूंनी आवळलेला असतो. यूएसबीचा प्लग कॉम्प्रेसरच्या थरथरीने हळूहळू बाहेर येतो.

एक उणीव: हे पोर्ट सहसा आयसोलेटेड नसतात. स्पेसिफिकेशनमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर नाहीच समजा. म्हणून कॉम २ आणि लाइनच्या मध्ये डिन रेलवर बसणारा ४८५ चा आयसोलेटेड रिपीटर टाकला. त्याला २४ व्होल्ट लागतात. ते सोलेनॉइडच्या एसएमपीएसवरून घेऊ नका.

फर्नेसची लाइन अशी मार्गी लागली आणि शेठना उत्साह आला. कॉम्प्रेसर रूममधले तीन ड्राइव्हही याच स्क्रीनवर हवेत. त्यांचा बॉडरेट (बोलण्याचा वेग) वेगळा, पॅरिटी वेगळी, अंतर ऐंशी मीटर. त्याच लाइनवर नको, दुसरी हवी. इथून एक्सपान्शनचा प्रश्न सुरू झाला आणि इथे मी स्वतः चूक केली, ती सांगतो.

आयपीसीचं झाकण उघडलं, आत मिनी पीसीआयई सारखा दिसणारा मोकळा स्लॉट होता. मी दोन पोर्टचं आयसोलेटेड सिरियल कार्ड मागवलं. कार्ड आलं, बसलं, स्क्रू लागला, आणि विंडोजला त्याचा पत्ताच नाही. अर्धा दिवस ड्रायव्हरमध्ये घालवला. मग मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर सापडलं की तो स्लॉट फक्त एमसाटा एसएसडीसाठी जोडलेला आहे. दोघांचा कनेक्टर एकच, बावन्न पिनांचा, डोळ्यांना फरक कळत नाही. अर्ध्या दिवसाची मजुरी मी लावली नाही.

तर स्लॉट दिसला म्हणून कार्ड मागवू नका. त्या स्लॉटला पीसीआयईची लाइन दिली आहे, नुसती यूएसबी दिली आहे की साटा दिली आहे ते वाचा. काही सिरियल कार्डं दिसायला मिनी पीसीआयई असतात पण आतून यूएसबीच वापरतात. केबल आणि प्लग नाही म्हणून ती बाहेरच्या डोंगलपेक्षा बरी, पण सॉफ्टवेअरच्या नजरेला तो यूएसबीचाच कॉम पोर्ट. एम.२ च्या बाबतीत तर खाचा बघाव्या लागतात: बी, एम, ई या वेगवेगळ्या खाचा, त्यावर लांबी-रुंदी वेगळी. २२३० म्हणजे बावीस मिलिमीटर रुंद आणि तीस लांब, ही ई खाच बहुधा वायफायसाठी. ३०४२ बी खाचेची, मोबाइल सिमच्या मोडेमसाठी. वायफायचं कार्डही डोळे मिटून घेऊ नका. एएक्स२०० साध्या पीसीआयईवर चालतं, एएक्स२०१ ला इंटेलचा सीएनव्हीआय असलेला प्रोसेसर-बोर्डच लागतो. एका आकड्याचा फरक, आणि परत पाठवायचं कुरियर.

ज्यांच्या आयपीसीत पूर्ण आकाराचा पीसीआयई स्लॉट आहे त्यांनी सरळ आयसोलेटेड सिरियल कार्ड घ्यावं. कार्डाची पट्टी उंच हवी की बुटकी, तेवढं मोजून.

आमच्याकडे तोही नव्हता. मग इथरनेट गेटवे घेतला: एका बाजूला लॅन, दुसऱ्या बाजूला ४८५. तो कॉम्प्रेसर रूममध्येच, ड्राइव्हच्या पॅनलशेजारी. ४८५ ची लाइन तीन मीटरची राहिली आणि ऐंशी मीटरचा प्रवास लॅन केबलने केला (शंभर मीटरपर्यंत चालतं). खरं सांगायचं तर नवीन काम असेल तर मी आता पहिला हाच पर्याय लिहितो. इथरनेटच्या पोर्टात ट्रान्सफॉर्मर असतो आणि १५०० व्होल्टचं आयसोलेशन स्टँडर्डमध्येच मागितलेलं आहे, वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. कनेक्शन तुटलं तर मॉडबस टीसीपीचा (नेटवर्कवरून चालणारा मॉडबस) ड्रायव्हर ते स्वतःच पुन्हा जोडतो, इअरफोन घालून बसायला नको. गेटवेत दोन प्रकार असतात. एक पीसीवर खोटा कॉम पोर्ट तयार करतो, दुसरा मॉडबस टीसीपी स्वतः समजतो आणि ५०२ नंबरच्या पोर्टवर बोलतो. सॉफ्टवेअर नवं असेल तर दुसरा घ्या. खोटा कॉम पोर्ट म्हणजे पुन्हा एक ड्रायव्हर सांभाळणं आलं.

गेटवे लावल्यावर दोन तास सगळं चाललं आणि मग ऑफिसचा सर्व्हर दिसेना. आयपीसीचं दुसरं नेहमीचं दुखणं: दोन्ही लॅन पोर्ट १९२.१६८.१ मध्येच, आणि दोन्हीला डीफॉल्ट गेटवेचा (नेटवर्कबाहेर जायचा रस्ता, आपली डबी नव्हे) पत्ता भरलेला. विंडोजने कुठून जायचं ते त्याच्या मर्जीने ठरवलं. मशीनच्या बाजूची रेंज १९२.१६८.१० केली आणि तिथला डीफॉल्ट गेटवेचा रकाना रिकामा ठेवला. रकाना दिसला की भरायचाच ही आपली सवय, पण तो फक्त ऑफिसच्या बाजूला भरायचा.

यूएसबीच वापरावी लागली तर

लॅपटॉप घेऊन कमिशनिंगला गेलात किंवा आयपीसीला खरंच दुसरं काही नाही, तर आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या, केबल एक मीटरच्या आत, दोन्ही टोकांना फेराइट. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली 'पॉवर वाचवण्यासाठी बंद करू द्या' ही खूण काढा, आणि पॉवर प्लॅनमधलं यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंडही बंद करा.

कॉम नंबर बदलण्याचं कारण साधं आहे. ज्या चिपमध्ये स्वतःचा सिरियल नंबर नसतो तिला विंडोज भोकावरून ओळखतं. भोक बदललं की नवा नंबर. सीएच३४० वाले स्वस्त कन्व्हर्टर असेच असतात. एफटीडीआयच्या चिपमध्ये बहुधा नंबर असतो, ती कुठेही लावली तरी कॉम तोच राहतो. नसेल तर भोकावर रंगाचा ठिपका द्या आणि डिव्हाइस मॅनेजरच्या व्ह्यूमध्ये लपलेली डिव्हाइसं दाखवून जुने मेलेले कॉम काढून टाका. नंबर वाढत वाढत नऊच्या पुढे गेला तर काही जुनी सॉफ्टवेअरं तो घेतच नाहीत.

आणखी एक. एफटीडीआयच्या ड्रायव्हरमध्ये लेटन्सी टायमर १६ मिलिसेकंद असतो, पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये. मॉडबस आरटीयूत ९६०० वर साडेतीन अक्षरांची शांतता म्हणजे चार मिलिसेकंद, तेवढी झाली की फ्रेम संपली. यूएसबी अक्षरं अशी थांबवून तुकड्या-तुकड्याने दिली तर काही सॉफ्टवेअरांना अर्धीच फ्रेम पूर्ण वाटते आणि सीआरसी चुकतो. १ करून टाका. पिवळा त्रिकोण आणि कोड १० दिसत असेल तर ड्रायव्हर आणि चिपचं भांडण आहे. जुन्या किंवा नकली पीएल२३०३ चिपला नवा ड्रायव्हर दारातच अडवतो.

आणि तरीही शुक्रवारी सकाळी

दोन महिने एकही गॅप नाही. मग एका शुक्रवारी सकाळी पहिल्या शिफ्टचा फोन, फर्नेसचे सगळे आकडे लाल. कॉम्प्रेसर रूम हिरवी. लॉगिन करून पाहिलं तर आयपीसीवर तारीख १ जानेवारी.

गुरुवारी देखभालीसाठी मेन बंद केलं होतं. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला, त्यामुळे पॉवर गेल्यावर बायोस मूळपदावर आणि कॉम २ पुन्हा २३२ वर. म्हणून ज्या बोर्डात हे सेटिंग बायोसमध्ये असतं तिथे 'सुट्टीनंतर बंद पडतं' अशी तक्रार आली की मी आधी घड्याळ बघतो. सेल बदलला, बायोस पुन्हा भरलं. सेटिंगच्या त्या स्क्रीनचा फोटो छापून पॅनलच्या दाराला आतून चिकटवला. त्याच्याच खाली स्लेव्ह आयडींची यादी, दोन्ही लॅनचे पत्ते, बॉडरेट, सेल बदलल्याची तारीख आणि पेनाने लिहिलेलं 'ए-बी ५८ ओहम'.

पुढच्या गुरुवारी मेन मुद्दाम पुन्हा बंद केलं. शुक्रवारी दुसऱ्या शिफ्टला मामांचा फोन आला. आकडे सगळे हिरवे होते. फर्नेस दोनचं दार अर्ध्यात अडकलं होतं. ते मेकॅनिकलवाल्यांना सांगा, म्हटलं.